माझं मन कमजोर नव्हतं

यंदाही धान पिवळं झालं आणि यंदाही माझं डोकं तापलं. दरवर्षी तापतं. दिवाळी सरते, मंडईच्या जत्रेतल्या नाटकांचे भोंगे गावोगाव बोंबलू लागतात, सकाळी बांध्यांवर, म्हणजे धानाच्या शेतांवर, धुकं बसतं, कापलेल्या धानाचा ओलसर गोड वास थेट चुलीपर्यंत येतो, आणि लोकांना म्हणे या दिवसांत फार प्रसन्न वाटतं. वाटो बापा. मला त्या वासाबरोबर एक माणूस आठवतो. त्याची पांढरी टोपी, त्याचा हळू, गोड, समजूतदार आवाज. आणि हातातलं भाताचं गंज जरा जोरातच खाली आपटलं जातं. माय चुलीपासून म्हणते, "तुह्या बापानं नाव करुणा ठेवलं, अन् पोट्टी निंगाली इंगळ." निघाली तर निघाली.

यंदा आमच्या शेजारच्या बांध्या यंत्रानं कापल्या. छत्तीसगडकडून ही धुडं येतात, धुरळा उडवत, आणि बायकांच्या टोळीला जिथं चार दिवस लागायचे तिथं चहा निवायच्या आत मोकळी होतात. माय धुऱ्यावर बसून पाहत होती. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, तिची हक्काची बसायची जागा. तिनं सारा जन्म वाकून धान कापलं, आता कंबर सरळ होत नाही. "कंबर वाचली म्हना बायकाईची," ती म्हणाली, "पन हात रिकामे झाले." मग उठली आणि यंत्रानं सोडलेल्या कोपऱ्यातलं मूठभर धान आपल्या इळ्यानं कापून आली. यंत्रवाला पोरगा हसला. हसायला काय जातं?

आमचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या अंगाला. दोन हजार तीन-चारचं साल असेल, मी वीस वर्षांची, बारावी पास. गोंदियाच्या एका सेठनं गावाशेजारचं माळरान घेतलं आणि तिथं रिसॉर्ट काढलं. नागझिऱ्याला वाघ पाहून आलेले पाहुणे इथं दोन दिवस टेकतील, असा त्याचा हिशेब. आणि पाहुण्यांसाठी काय, तर गोल्फ! जिथं एस.टी. दिवसातून दोनदा येते, तीही आली तर, तिथं गोल्फ. नऊ भोकांचं मैदान होणार म्हणाला, सहा झाली. मधोमध आमची जुनी बोडी होती, म्हणजे लहानसं तळं, तिच्यात कमळं, बदकं आणि गावच्या म्हशी. म्हशी बंद झाल्या. बोडीच्या पल्याड हिरवीगार गादी अंथरल्यासारखं गवत लावलं, त्यात एक भोक, भोकात झेंडा.

ते गवत कापायला गावातल्या बायका लागल्या, आणि बाजूच्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, एक म्हातारा; त्याला तर तो खेळ शिकायची भारी हौस. मी लागले, माझ्याबरोबर सगुणा लागली. सगुणा टोल्यावरच्या गोंडाच्या घरची, माझ्याच वयाची, मोहा वेचण्यापासून धान कापण्यापर्यंत सगळी कामं आम्ही जोडीनंच शिकलो. एका दुपारी पाहुणे जेवायला गेले होते, त्यांची खेळायची काठी पडलेली होती, सगुणा म्हणाली, "मारून पाय ना वं, कोन पायते?" मी मारली. चेंडू नाही, नुसती काठीच फिरवली, पण हवेत असा काही आवाज निघाला की व्हरांड्यातून सेठ बाहेर आला. "अरे, इस लड़की में तो दम है," तो म्हणाला. "सर, इसको सिखाओ."

सर म्हणजे तो पांढरी टोपीवाला. पुण्याहून आलेला शिकवणारा. पाहुण्यांना खेळ शिकवायचा आणि गावातलं एक माणूस हाताखाली तयार करायचं, असं त्याचं काम. सेठनं सांगून टाकलं, कापणी संपायच्या आत सर परीक्षा घेतील. बोडीच्या या काठावरून पाच चेंडू पल्याडच्या हिरवळीवर मारायचे, तीन टिकले पाहिजेत. टिकले तर सरांचा मदतनीस म्हणून कायमचं काम, आणि नागपूरला जाऊन रीतसर शिक्षण.

माझ्यासाठी ते काय होतं, हे कसं सांगू? आमच्या घरातल्या बायकांनी जन्मात जेवढी कामं केली ती सगळी वाकून. रोवणी वाकून, निंदण वाकून, कापणी वाकून, शेण, सडा, सारवण, सगळं वाकून. मायीकडं पाहिलं की मला माझी कंबर आधीच दुखायची. आणि हे एक काम असं होतं की ज्यात माणूस फटका मारून झाल्यावर ताठ उभं राहतं, काठी खांद्यामागं नेतं आणि दूर बघतं. पाहुण्यांच्या बायका तशा उभ्या राहायच्या तेव्हा मी गवत कापता कापता बघत बसायची. मला तसं उभं राहायचं होतं. बाकी गोल्फ गेलं खड्ड्यात, मला कामावर उभं राहायचं होतं.

सर वाईट माणूस नव्हता. हेच तर डोक्यात जातं. वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तो कधी ओरडला नाही, पाणउतारा केला नाही. मोहाच्या झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचा, मांडीवर एक जाडं पुस्तक, आणि तिथूनच मला सांगायचा. "करुणा, चेंडू काठीनं जात नाही, मनानं जातो." "करुणा, आधी आत बघ." आणि एकदा, फार मायेनं, "तुमच्या लोकांमध्ये ना, पिढ्यान्‌पिढ्यांचा एक न्यूनगंड असतो. तुझा दोष नाही त्यात. पण तो माइंडसेट मोडायला हवा." मी ते वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं, सांगा! छप्पन्नपासून आमच्या घरात देव नाही, आजा सगळ्या मूर्ती कालव्यात सोडून विहारात गेला, घरात कोणापुढं मान वाकवायची नाही असं लहानपणापासून ऐकलेलं. आणि मी 'तुमच्या लोकांमध्ये' हे शब्द चांगल्या अक्षरात लिहून खाली रेघ मारली.

माझं दुखणं काय होतं ते सारं गाव बघत होतं. चेंडू नसला की काठी सूंऽ करून फिरायची, बघणारा मागं सरकायचा. चेंडू ठेवला की तीच काठी वरून झोकात यायची आणि चेंडूपाशी आली की हात आवरायचा. आपोआप. कोणी मनगट धरल्यागत. चेंडू तीस पावलं जायचा आणि बोडीत, डुबुक. पुन्हा डुबुक. सगुणा लुगडं खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरायची आणि पायानं चाचपून चेंडू काढायची. "आज किती मासोळ्या मारल्या वं?" तिथूनच ओरडायची. मी चिडायची. ती आणखी हसायची.

"तू घाबरतेस," सर खुर्चीतून म्हणायचा. "यशाला घाबरतेस. तुला आतून वाटतच नाही की हे तुझं आहे."

त्यानं मला आरशाचा उपाय दिला. रोज सकाळी आरशात बघून म्हणायचं, मी करू शकते, मी करणारच. पन्नासदा. आमच्या घरी आरसा एकच, गोठ्याच्या खांबाला टांगलेला, बाबा त्यात दाढी करायचे. मी पहाटे गाईच्या शेजारी उभी राहून म्हणायची, मी करू शकते. गाय बघायची. माय शेणाचं टोपलं घेऊन जाता जाता थांबली. "काय करून राहिली वं?"

"सरानं सांगतलं. मनाची ताकद वाढते."

"आरशाले सांगून? आरसा का तुले नोकरी देते?" ती म्हणाली. "हातात काय चुकून राहिलं ते पाय ना."

मला राग आला मायीचा. अंगठेबहाद्दर बाई, हिला काय समजतं, असं मनात आलं. हा राग मी कोणावर काढला होता ते आठवलं की आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. त्या साऱ्या मोसमात खरा सल्ला मला एकदाच मिळाला होता, गोठ्यात, आणि तो शेणाचं टोपलं घेतलेल्या बाईनं दिला होता.

त्या दिवसांचा उजेड अजून डोळ्यांपुढं आहे. कापलेल्या बांध्यांमध्ये लाखोळीची कोवळी हिरवी पोपटी पानं धसकटांतून वर आलेली, खळ्यावर धानाच्या भाऱ्यांचे पुंजणे लागलेले, दुपारी ऊन असूनही वारा गार. बाया धानाचे भारे डोक्यावर घेऊन एका रांगेत धुऱ्यावरून जायच्या आणि भाऱ्यांमधून छम छम असा आवाज यायचा, लोंब्यांचा. मला डोळे मिटून चेंडू बोडी ओलांडताना 'बघायला' सांगितलेलं असायचं. मी डोळे मिटायची आणि तो छम छम आवाज ऐकत बसायची. मिटल्या डोळ्यांनी चेंडू दर वेळी पल्याड जायचा. मिटल्या डोळ्यांनी काय, मी नागपूरलाही जाऊन आले.

परीक्षेच्या दिवशी पाहुण्यांची दोन कुटुंबं खुर्च्या टाकून बसली होती. सेठ होता, सर होता. काठावर गवत कापणाऱ्या सगळ्या बायका, हातात खुरपी तशीच. माय नव्हती, तिला उशिराच्या धानाची कापणी होती. मी स्वच्छ धुतलेला पंजाबी ड्रेस घातला होता. मनातल्या मनात पन्नासदा म्हणून झालं होतं, वर आणखी दहादा म्हटलं. पहिला चेंडू, डुबुक. दुसरा, डुबुक. तिसरा पल्याडच्या काठाला लागला, एक क्षण चिखलात बसला आणि घरंगळून पाण्यात आला. पाहुण्यांतली एक लहान मुलगी "अरेरे" म्हणाली. चौथा आणि पाचवा मला आठवत नाही. म्हणजे मी मारले, पण मला दिसले नाहीत.

सर खुर्चीतून उठला. माझ्यापासून दहा हात अंतरावर येऊन थांबला, मान हलवली आणि हळू आवाजात म्हणाला, "मी म्हटलं होतं ना? हात चांगले आहेत गं तुझे. मन कमजोर आहे." सेठ म्हणाला, "कोई बात नहीं बेटी, घास का काम तो है ही." ते गवताचं काम मी दुसऱ्या दिवशीच सोडलं. मदतनीस म्हणून नागपूरचा कोणी आला. आणि मी मायीच्या बाजूला, उशिराच्या धानात, वाकले.

इथवर असतं तर मी एवढी तापले नसते. हरतं माणूस. कबड्डीत हरतं, निवडणुकीत हरतं, उठून अंग झटकतं. पण ते वाक्य माझ्या अंगात रुतून बसलं. मन कमजोर आहे. मायनं पोलीस भरतीचा फॉर्म आणला, धावण्यात माझ्या तोडीची पोरगी तालुक्यात नव्हती, मी भरला नाही. का? मन कमजोर आहे. शेजारच्या गावात शिवणकामाचा वर्ग होता, चार दिवस गेले, पहिला ब्लाऊज बिघडला आणि घरी बसले. मन कमजोर आहे. ग्रामसभेत बोलायला उठले आणि खाली बसले. एखाद्याला सांगावं की तुझ्या रक्तात काही खोट आहे, आणि त्यानं मग प्रत्येक खरचटण्याला रक्ताकडं बोट दाखवावं, तसं झालं माझं. पाच-सहा वर्षं. वयाची विशी, जी परत मिळत नाही, ती मी माझं मन तपासण्यात घालवली.

आणि हल्ली जिकडं बघावं तिकडं तेच. शाळेच्या भिंतीवर तेच, मोबाईलवर सकाळी गुलाबाच्या फुलाखाली तेच. विश्वास ठेवा, जिंकाल. हरलात? मग ठेवला नसेल विश्वास. काय सोय आहे बघा! रस्ता नाही, शिकवणारा नाही, सायकल नाही, त्याची बात नाही, सगळा दोष बिचाऱ्याच्या डोक्यात. मला विश्वासाचं वावडं नाही. विश्वास लागतोच, भाताला मीठ लागतं तसा. पण नुसतं मीठ वाढून वर म्हणायचं, पोट भरत नाही कारण तुम्हाला खाताच येत नाही?

असो. नाही, असो कशाला? सांगतेच.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, अशाच कापणीच्या दिवसांत, मी आणि सगुणा एकाच बांधीत होतो. कापणीला बाया एका ओळीत लागतात. प्रत्येकीनं आपली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याचा पट्टा. डाव्या मुठीत धान, उजव्या हातात इळा, आणि शेजारणीची मूठ तुमच्या इळ्यापासून वीतभर लांब. म्हणून आमच्याकडं पोरीला पातीत उभी करतात तेव्हा पहिली गोष्ट शिकवतात ती कापायची नाही, थांबायची. इळा जोरात ओढायचा आणि धान तुटलं त्याच क्षणी आवरायचा. पुढं जाऊ द्यायचा नाही. पुढं कोणाचा तरी हात असतो. मी तेरा वर्षांची असताना एकदा जाऊ दिला होता. सगुणाच्या डाव्या हाताच्या करंगळीवर अजून तो पांढरा वण आहे. धानावर रक्त उडालं, सारी ओळ थांबली, आणि मायनं सगळ्यांदेखत मला अशी चापट मारली की कान दिवसभर वाजत होता. त्यानंतर माझा इळा कधी पुढं गेला नाही.

तर त्या दिवशी आम्ही कापत होतो, आणि सगुणा सरळ होऊन, कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "अवं, तू ते काठी बी अशीच मारत होतीस."

"कशी?"

"इळ्यावानी. चेंडू आला का थांबत होतीस. जसा का चेंडूच्या पुढं माहा हात हाय."

"हे तुले तवाच समजलं होतं?"

"हाव. पाण्यातून मले समोरूनच दिसे."

"मंग सांगतलं काऊन नाई, बाई?"

"मले कोन पुसलं?" सगुणा म्हणाली. "तो सर मनाचं सांगून राहिला होता. मले वाटलं, मोठ्या लोकाईचा खेळ, मनानंच खेळत असतीन."

आम्ही दोघी हसलो. पोट धरून हसलो, मुकादम ओरडेपर्यंत. आणि हसता हसता मला रडू आलं, आणि रडता रडता राग, असा राग की इळा धुऱ्यात रुतवून मी उभीच राहिले.

दुपारच्या भाकरीनंतर सगुणानं धुऱ्यावरचे चार मोठाले आवळे तोडून आणले. आवळे चेंडूएवढेच असतात. कुंपणाचा एक बांबू ओढला, त्याचं बूड जरा वाकडं होतं, ते बरंच झालं. एक आवळा ढेकळावर ठेवला. मी बांबू वर नेला, झोकात खाली आणला, आणि आवळ्यापाशी हात थांबला. आवळा धसकटात पडला. तेव्हा सगुणा माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला धानाचा, घामाचा, तंबाखूचा वास. तिनं दोन्ही हातांनी माझी दोन्ही मनगटं धरली, घट्ट, आणि म्हणाली, "इथं कोनी नाई तुह्या बाजूनं. पाय. कोनी नाई. आता जाऊ दे." आणि आम्ही दोघींनी मिळून तो बांबू फिरवला, आणि जिथं तो थांबायचा तिथं तिनं माझे हात पुढं ढकलले. दोनदा, तीनदा, चारदा. मग बाजूला झाली. पाचव्यांदा मी एकटीनं मारला.

आवळा दोन बांध्या ओलांडून तिसऱ्या धुऱ्यापलीकडं गेला. बाया ओरडल्या. आणि मी, बांबू खांद्यामागं, ताठ उभी, लांब बघत होते.

चार वेळा हात धरायला किती वेळ लागला? विडी ओढून व्हायच्या आत झालं. रिसॉर्ट तोवर बंद पडलं होतं, गवत माजलं होतं, म्हशी बोडीत परतल्या होत्या. नोकरी काही परत येणार नव्हती. पण त्या रात्री नाही, त्याच दुपारी, पुन्हा पातीत वाकल्यावर, मनगटावर सगुणाच्या बोटांची जाणीव असताना मला ती गोष्ट दिसली. इतकी वर्षं डोळ्यांपुढं होती आणि दिसली नव्हती. पाहुण्यांच्या पोरी शिकायच्या तेव्हा सर त्यांच्या मागं उभा राहायचा. त्यांची मनगटं धरायचा, बोटं काठीवर नीट बसवून द्यायचा, कोपर सरळ करायचा. पाहुण्यांच्या बायकांचेही, पोरांचेही, सेठच्या म्हाताऱ्या भावाचेही हात त्यानं धरले होते. मी गवत कापता कापता रोज बघत होते. माझा हात त्यानं एकदाही धरला नाही. मला काठी द्यायची तर ती गवतावर ठेवायचा, मी उचलायची. माझ्यासाठी खुर्ची होती, मोहाचं झाड होतं, जाडं पुस्तक होतं, आणि मन होतं. मन सुधारायला जवळ यावं लागत नाही. शिवावं लागत नाही.

त्याला स्वतःला हे माहीत होतं का? मला वाटतं, नव्हतं. विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की मी असलं काही मानत नाही. आणि खरंच वाटत असेल त्याला तसं.

मी आता अंगणवाडीत सेविका आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी, पुन्हा याच मोसमात, आम्हा सगळ्या सेविकांना गोंदियाला एका व्याख्यानाला बोलावलं. सभागृहात पंखे, समोसे, पडद्यावर उगवत्या सूर्याचं चित्र. वक्ता आला आणि मी ओळखलं. टोपी नव्हती, केस पांढरे झाले होते. आवाज तोच. मनाची ताकद, माइंडसेट, सगळं तेच, आणि मग म्हणाला, "मी तुमच्याच जिल्ह्यात एका मजूर मुलीला शिकवत होतो. काय हात होते तिचे! सोन्याचे हात. पण मन? मन मातीचं. पाच चेंडू, पाचही पाण्यात." सभागृहात हळहळ झाली. माझ्या शेजारची बाई 'च् च्' म्हणाली आणि तिनं वहीत लिहून घेतलं. तिनं रेघ मारली तेव्हा मी उठले.

"मी हाय ते," मी म्हणाले. माइक नव्हता, लागलाही नाही. "करुणा. ते पाच चेंडूवाली."

त्यानं डोळे बारीक केले. ओळखलं नाही, मग ओळखल्यासारखं केलं, चेहरा फुलला. "अरे वा! या, या, वर या. बघा, किती छान योगायोग."

मी गेले वर. "सर," मी म्हणाले, "माहे हात सोन्याचे, हे तुमाले कसं समजलं? तुमी तर एकदाही धरून पाह्यले नाई. पाहुण्याईच्या पोरीईचे धरत होते. माहा काऊन नाई?"

तो हसला, तसाच समजूतदार. "त्या काळी, गावातली मुलगी... बरं दिसलं नसतं."

"बाजूच्या टोल्यावरचा गवतवाला म्हातारा बी शिकू पाहत होता. त्याचाही नाई धरला. तो तं मुलगी नव्हता." माझा आवाज चढला होता. आयोजक खुर्चीतून अर्धा उठला. "माहं मन कमजोर नव्हतं. मनगट थांबत होतं. कोनी धरून पुढं ढकललं असतं तं झालं असतं. एवढंच काम होतं. एवढं एकच." आणि मी माझा उजवा हात त्याच्यापुढं धरला. इळ्याचे घट्टे असलेला, पंजा उघडा. "आता धरा. दाखवा या बायाईले, कसं शिकवतात ते."

त्यानं हाताकडं पाहिलं. मग आयोजकाकडं पाहिलं. मग त्यानं दोन्ही तळवे छातीशी जोडले, डोळे मिटले आणि मला वाकून नमस्कार केला.

सभागृहात टाळ्या वाजल्या. केवढा मोठा माणूस, म्हणाल्या बाया, गरिबापुढं वाकला. मी हात तसाच पुढं धरून उभी होते.